सव्वाआठ क्विंटल

बघण्यासारखी ग्रंथालयं विचारतेस.
तुझ्या यादीत घुमट असतील, रंगीत काचा असतील,
शिडीला पितळी चाकं असतील.
शेवटी हेही लिहून घे:
पुलगावहून आर्वीकडे निघालं की
मेलेल्या नॅरोगेजच्या कडेला बोरखेडी,
आणि तिथलं जिनिंग.

जिनिंग बंद पडलं, कॉलेजनं घेतलं.
पत्रे तेच, लोखंडी खांब तेच.
कापूस गेला, पण रुई तुळयांवर राहिली;
वैशाखात पंखा लावला की
एखादा पुंजका अजून सुटतो,
वाचणाऱ्याच्या केसांत उतरतो
आणि संध्याकाळपर्यंत त्याला कुणी सांगत नाही.

इमारतीबरोबर काटा आला.
काट्याबरोबर झामाजी सयाम,
सत्तावीस हंगाम मापारी,
आता शिपाई, ग्रंथालय विभाग.
दाखल नोंदवहीचं पहिलं पान त्याच्या हातचं:
‘नागपूरहून देणगी. पुस्तकं. सव्वाआठ क्विंटल.
बारदाना वजा.’

लोणारे मॅडम आठवड्यातून तीन दिवस यायच्या,
पुस्तकांच्या पाठीवर पांढरे आकडे डकवायच्या.
उरलेले तीन दिवस झामाजीचे.
अक्षर त्याला सावकाश लागायचं,
चढावर बैल लागतात तसं.
पण पुस्तक तळहातावर आलं की
त्याला विचारावं लागत नसे.
“हे अर्थशास्त्र. पाऊन किलो. उभ्यानं नोको वाचू.”
“हे हलकं हाये, पन जपून.
मांगच्या साली याच्यापायी
एक पोरगी दोन दिवस जेवली नाही.”

नॅकवाले आले त्या दिवशी
मी कपांना बशा जुळवत होते.
चौघं जण. एकाच्या हातात फॉर्म.
“वर्गीकरण कोणत्या पद्धतीनं करता?”
मॅडम तोंड उघडायच्या आत झामाजी म्हणाला,
“वजनानं.”
ते हसले. हसू पत्र्याला लागून खाली आलं.
मग त्यांच्यातल्या बाईंनी
कपाटातून एक जाड प्राणिशास्त्र ओढलं
आणि त्याच्या हातावर ठेवलं: सांगा.

त्यानं डोळे मिटले नाहीत, नाटक केलं नाही.
बाजारात टरबूज घ्यावं तसं
जरा वर नेलं, जरा खाली.
“एक किलो शंभर,” म्हणाला. मग थांबला.
“याच्यातलं एक पान गेलं, बाप्पा.”

बाई पानं उलटत गेल्या.
एकशे बारा.
एकशे पंधरा.

फॉर्ममध्ये या गोष्टीला रकाना नव्हता.
कॉलेजला ‘ब’ मिळाला.

पान माझ्या वहीत होतं.
परीक्षेसाठी फाडलं नव्हतं, खरं सांगते.
पक्ष्यांची हाडं पोकळ असतात, असं त्यावर लिहिलेलं,
खाली पंखातल्या हाडाचा उभा छेद,
आत बारीक तिरक्या दांड्या,
थेट आमच्या छपराच्या कैच्यांसारख्या.
कितीदा मी ते चित्र मांडीवर धरून
मान वर करून पाहिलं होतं:
हे सगळं उडायसाठीच बांधलंय की काय,
हे जिनिंग, हे पत्रे, ही बोरखेडी.

त्या दिवशी माझ्या हातातली बशी वाजली.
झामाजीनं माझ्याकडे पाहिलं नाही.
मुद्दाम पाहिलं नाही, एवढं मला कळलं.

सोमवारी तेच पुस्तक घरी मागितलं.
त्यानं मुकाट्यानं शिक्का मारला.
धुऱ्यावरच्या बाभळीचा डिंक आणला,
वाटीत भिजवला, पान लावलं,
वर पाटा ठेवून रात्रभर दाबलं.
आईनं विचारलं, चटणी कशावर वाटू?

परत नेलं तेव्हा दुपार होती,
हॉलमध्ये आम्ही दोघंच, आणि चिमण्या.
झामाजीनं पुस्तक तळहातावर घेतलं.
काट्याकडे गेला नाही.
बराच वेळ धरून राहिला.

“आता जरासं जास्त झालं,” म्हणाला.
“डिकाचं.”